गरबा, पपई आणि १६ नंबरचं गुणसूत्र

सुरसागरकाठी | रात्री ११.४२

वहिनीला विचारून लिहितेय. तिचं वय ३९. पहिला गर्भ तीन वर्षांपूर्वी सातव्या आठवड्यात गेला, तेव्हा कोणी काही तपासलं नाही. दुसरा यंदा. कोजागिरीनंतरच्या आठवड्यात सोनोग्राफीला गेलो तर ठोके नव्हते. या वेळी डॉक्टरांनी गर्भाचा अंश तपासायला पाठवला. रिपोर्ट आला: १६ नंबरची गुणसूत्रं दोनाऐवजी तीन. ट्रायसोमी १६.

रिपोर्ट यायच्या आधीच घरात निकाल लागून गेला होता. आत्याच्या मते गरबा. (वहिनी नवरात्रात दोन रात्री गेली होती, तीही कडेकडेने, पंधरा मिनिटं. बडोद्यात राहून नवरात्रात घरात बसणं काय असतं ते बाहेरच्यांना नाही कळायचं.) शेजारच्या काकींनी पपई काढली. आमच्या आईने ॲक्टिव्हा. परवा रात्री ओटा आवरताना वहिनीने हळूच विचारलं, "ताई, तुम्ही झूऑलॉजी केलंय ना? खरं सांगा, गरब्याने झालं?"

मी इथल्याच सयाजीराव विद्यापीठातून एमएस्सी केलं त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा आमच्या वहीत कोहेसिन हा शब्द जेमतेम एका ओळीत होता. मधल्या काळात बरंच कळलंय. दोन दिवस बसून वाचलं, तिला सांगितलं, तेच इथे टाकतेय.

आधी हिशोब. नवरात्र बसलं तेव्हा तिला सहावा आठवडा होता. गर्भाचे आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे अंडं बाहेर पडलं ते त्याच्या चार आठवडे आधी, गणपती बसले त्या सुमारास. गुणसूत्रांची वाटणी बिघडते ती बहुतेक वेळा अंडं बाहेर पडायच्या आधीच्या काही तासांत. मेंदूखालच्या ग्रंथीतून एलएच हे हार्मोन उसळतं, तिथपासून अंडं सुटेपर्यंत साधारण ३६ तास. दीड दिवसाच्या गणपतीइतका वेळ. त्या दीड दिवसात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. गरब्याची पहिली टाळी पडली तेव्हा १६ नंबरचं तिसरं गुणसूत्र महिनाभर आधीपासून आत बसलेलं होतं.

हे ऐकून वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण मग त्या दीड दिवसात मी काय केलं?" तर काही नाही. तिथे गोष्ट तिच्या जन्माच्याही मागे जाते.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडाशयात सगळी अंडी तयार होतात. विसाव्या आठवड्याच्या आसपास ती सर्वांत जास्त असतात, ६० ते ७० लाख. जन्मापर्यंत १० ते २० लाख उरतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख. आयुष्यात बाहेर पडतात फक्त चारशे-पाचशे. प्रत्येक अंडपेशीने गर्भातच डीएनएची प्रत काढलेली असते, आईकडच्या आणि बापाकडच्या गुणसूत्रांची जोडी जमवून आपसात तुकडेही बदललेले असतात. अर्धसूत्री विभाजनाच्या, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणाऱ्या दोन पायऱ्यांच्या वाटणीच्या, पहिल्या पायरीच्या मध्यावर ती थांबते. आणि थांबूनच राहते. तेरा वर्षं, पंचवीस वर्षं, एकोणचाळीस वर्षं. वहिनीचं हे अंडं १९८० च्या दशकात, तिच्या आईच्या पोटात असताना, त्या अर्ध्या पायरीवर येऊन उभं राहिलं होतं.

इतकी वर्षं त्या जोड्या एकत्र धरून कोण ठेवतं? कोहेसिन नावाचं प्रथिन. गोधडीचे टाके डोळ्यासमोर आणा. वरचं लुगडं आणि खालचं लुगडं म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती, आणि त्यांच्यामधून धावदोरा. हे टाके घालता येतात ते फक्त डीएनएची प्रत निघत असताना, म्हणजे गर्भातच. गुणसूत्रांच्या जोडीने ज्या ठिकाणी तुकडे बदलले तिथे दोन्ही गोधड्या एकमेकींत अडकलेल्या असतात, आणि ती अडकणही याच टाक्यांच्या जिवावर टिकते. टाके झिजले की अडकण सुटते, जोडी वेळेआधी मोकळी होते, आणि वाटणीच्या वेळी कोण कुठल्या टोकाला जाईल याचा नेम राहत नाही.

नवे टाके का घालत नाही ही पेशी? हा प्रश्न मला सर्वांत जास्त छळत होता. २०१० मध्ये उंदरांवर दोन प्रयोग झाले. एकात कोहेसिनचा एक भाग बनवणारं जनुक जन्मानंतर लगेच बंद करून टाकलं. अपेक्षा अशी की माल संपला की टाके उसवतील. पण त्या उंदरीणींना पुढे पिल्लं व्यवस्थित झाली. जन्माआधी घातलेले टाके पुरले. दुसऱ्या प्रयोगात दिसलं की अंडं वाढत असताना गुणसूत्रांवरचं जुनं कोहेसिन बदललं जात नाही, तेच ते राहतं. त्याच वर्षी आणखी दोन गटांनी म्हाताऱ्या उंदरीणींच्या अंड्यांत पाहिलं तर गुणसूत्रांवरचं कोहेसिन बरंच कमी झालेलं.

आता आत्याला हे कसं सांगायचं ते सुचवा.

---

पेट्रीडिश | रात्री १२.१५

उत्तम लिहिलंय. मी वंध्यत्व केंद्राच्या लॅबमध्ये आहे, रोज अंडी बघते. गोधडीबद्दल मात्र तक्रार. कोहेसिन दोन्ही प्रतींतून आरपार जात नाही, त्यांना बाहेरून कवेत घेतं. टाक्यापेक्षा बांगडी म्हणा. एका बांगडीत दोन हात. चार प्रथिनांची मिळून ती कडी होते आणि त्यातलं रेक८ म्हणजे तिचा फासा.

फासा म्हणायचं कारण असं की बांगडी उघडायची वेळ आली की सेपरेज नावाची कात्री नेमकं रेक८ कापते. पण पहिल्या विभाजनात सगळ्या बांगड्या कापून चालत नाही. गुणसूत्राच्या हातांवरच्या कापायच्या, मध्यावरच्या, म्हणजे गुणसूत्रबिंदूजवळच्या, ठेवायच्या. त्या दुसऱ्या विभाजनापर्यंत लागतात. मध्यावरच्या बांगड्या वाचवायला तिथे शुगोशिन उभं असतं. जपानी शब्द आहे, रक्षक देवता असा अर्थ, जपानमधल्या प्रयोगशाळेनेच २००४ मध्ये हे नाव दिलं. वय वाढलं की बांगड्याही कमी होतात आणि हा रक्षकही. दोन्हीकडून मार.

---

सुरसागरकाठी | रात्री १२.३१

@पेट्रीडिश, बांगडी मान्य. गोधडी मागे घेते, पण नाइलाजाने. शुगोशिनला मी घरात 'वेशीवरचा मारुती' म्हटलंय, आईला लगेच कळलं.

---

लष्करवाला_ग्वाल्हेर | सकाळी ७.०५

वाचतोय. दोन शंका. एक, पुरुषांचं काय? दरवेळी बाईच्याच वयावर गाडी का येते? दोन, आमच्या आजीला शेवटचं मूल बेचाळिसाव्या वर्षी झालं, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्याच घरी, सुईणीच्या हातून. तेव्हा कुठे होतं हे कोहेसिन?

---

पेट्रीडिश | सकाळी ८.२०

कोहेसिन तेव्हाही तिथेच होतं, तुमच्या आजीच्या त्या अंड्यात शाबूत होतं इतकंच. चाळिशीत प्रत्येक अंडं बिघडलेलं असतं असं कोणीच म्हणत नाही. विशीच्या उत्तरार्धात चार-पाच अंड्यांतलं एखादं चुकतं असं धरलं, तर चाळिशीच्या पुढे निम्म्याहून जास्त चुकतात. उरलेल्या चांगल्यांपैकी एक आजीच्या वाट्याला आलं. आणि त्या काळी 'महिना चढला होता, मग आलं' असं म्हणून जे सोडून दिलं जायचं, त्यातले किती गर्भपात होते याची नोंद कुठल्या वहीत आहे?

पुरुषांचं: शुक्राणू आयुष्यभर नव्याने बनत राहतात, एका खेपेला साधारण अडीच महिने. त्यामुळे तिथे बांगड्या चाळीस वर्षं जुन्या होत नाहीत. पण पेशी सतत प्रती काढत राहते म्हणून नकलेतल्या चुका साठतात, बापाच्या वयाच्या दर वर्षामागे मुलात साधारण दोन नवे बदल. ते डीएनएच्या एकेका अक्षराचे बदल. अख्खं गुणसूत्र जास्त येणं हे मात्र बहुतांशी आईच्या अंड्यातून. डाउन सिंड्रोममध्ये (२१ नंबरचं गुणसूत्र जास्त असतं तो) नव्वद टक्क्यांच्या आसपास.

---

लष्करवाला_ग्वाल्हेर | सकाळी ८.४१

म्हणजे आमच्या चुका शुद्धलेखनाच्या आणि तिकडे पानंच दोनदा बांधली गेली. समजलं.

---

संशयात्मा | सकाळी १०.१०

धागा चांगला आहे, पण सगळा विदा (डेटा) उंदरांचा दिसतोय. उंदीर जगतो दोन-अडीच वर्षं. त्याच्या अंड्याचं 'वय' आणि माणसाच्या अंड्याचे चाळीस पावसाळे यांची बरोबरी कशी करायची? शिवाय वयाचा संबंध कोहेसिनशीच आहे कशावरून? हार्मोन असतील, रक्तपुरवठा असेल, पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया असतील. एक कारण सापडलं की लोक बाकीची फायलीत टाकतात.

---

सुरसागरकाठी | दुपारी १.२५

@संशयात्मा, रास्त आहे. जेवणाच्या सुट्टीत जमेल तेवढं लिहिते.

वयाचा संबंध आधी कळला, कारण फार नंतर. इंग्लंडमधले डॉक्टर लायनेल पेनरोझ यांनी १९३३ मध्ये आकडेमोड करून दाखवलं की डाउन सिंड्रोमचा संबंध आईच्या वयाशी आहे, बापाच्या वयाशी नाही. तेव्हा माणसाला किती गुणसूत्रं असतात हेही पक्कं नव्हतं! ४६ हा आकडा १९५६ चा, आणि २१ नंबरचं जास्तीचं गुणसूत्र सापडलं १९५९ मध्ये. कोहेसिनची ओळख १९९७ ची, यीस्टमधून. म्हणजे पेनरोझ ते कोहेसिन चौसष्ट वर्षं.

अंड्याचं वय की बाईचं वय, याचं उत्तर दात्याच्या अंड्यांनी दिलं. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला पंचविशीतल्या दात्याचं अंडं दिलं तर गर्भ राहण्याचं प्रमाण पंचविशीचं येतं. गर्भाशय तेच, रक्तपुरवठा तोच, हार्मोन तीच. बदललं फक्त अंडं. हार्मोन आणि रक्तपुरवठा यांना यातून पूर्ण सुट्टी मिळत नाही, पण मुख्य आरोपी ते नव्हेत.

माणसाच्या अंड्यांतही जोड्या आधीच सैल पडलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. जपानमधल्या गटाने उंदरांच्या अंड्यांची वाटणी चालू असताना चित्रण केलं. सर्वांत जास्त दिसलेली चूक अशी: जोडी आधी फुटते, दोन सुटी गुणसूत्रं इकडेतिकडे हेलकावतात आणि मग त्यांच्या प्रती भलत्याच टोकांना जातात. ज्याला आपण पुस्तकात 'जोडी वेगळीच झाली नाही' असं शिकलो ते कमी. वेळेआधी वेगळी झाली हे जास्त. मी बावीस वर्षं मुलांना उलटं शिकवतेय.

पण तुमचं म्हणणं एका बाबतीत खरं. एकटं कोहेसिन नाही. माणसाच्या अंड्यात गुणसूत्रं ओढणारी जी चातीसारखी रचना असते, स्पिंडल, ती मुळातच कच्ची. बाकी पेशींत तिची दोन टोकं पक्की बांधायला सेंट्रोसोम असतात, अंड्यात ते नसतात. ती उभी राहायलाच सोळा-एक तास लागतात, तीही डळमळत. तरुण अंड्यातही. सैल बांगड्या आणि डळमळती चाती एकत्र आल्या की काय होणार?

---

पेट्रीडिश | दुपारी २.०२

+१. आणि तपासनीसही ढिला आहे. साध्या पेशीत एक गुणसूत्र जरी चातीला नीट जोडलेलं नसलं तर तो विभाजन अडवून धरतो. अंडपेशी तेवढी कडक नाही, एखाददुसरं चुकलेलं असलं तरी गाडी सोडते.

आणखी एक गंमत. २०१९ मध्ये ९ ते ४३ वर्षं वयाच्या मुलींच्या आणि बायकांच्या अंड्यांचा अभ्यास आला. चुकांचा आलेख यू आकाराचा. अगदी कोवळ्या वयातही चुका जास्त, मधल्या वर्षांत सर्वांत कमी, मग पुन्हा चढ. पण दोन्ही टोकांच्या चुका वेगळ्या जातीच्या. कोवळ्या वयात अख्खी जोडीच एका बाजूला जाते. पुढच्या वयातल्या चुका बांगड्या सैल होण्याच्या.

---

राजवाडा_ते_सराफा | दुपारी ३.४८

इंदूरहून. वय ४१. एएमएच (अंड्यांच्या साठ्याची रक्ततपासणी) चांगला आला म्हणून डॉक्टरीण खूश होती. मी पण. आता हा धागा वाचून पोटात गोळा आलाय. कोणी क्यू१० च्या गोळ्या सांगितल्यात, तीन महिन्यांचा कोर्स, पाकिटावर 'अंड्यांची गुणवत्ता वाढवा' लिहिलंय. उपयोग आहे का? आयव्हीएफने हे टळतं का?

---

पेट्रीडिश | सायं. ५.३०

@राजवाडा_ते_सराफा, गोळा येऊ देऊ नका. एएमएच म्हणजे डब्यात अंडी किती. ती कशी आहेत हे त्यातून कळत नाही. दोन्ही प्रश्न वेगळे, आणि आमच्याच क्षेत्रातले लोक ते एकत्र करून बोलतात याचा मला राग येतो.

क्यू१० मायटोकाँड्रियाच्या ऊर्जेशी संबंधित. उघडलेली बांगडी बंद करणारी गोळी आज बाजारात नाही, पाकिटावर काहीही छापो. घेतलीत म्हणून काही बिघडेल असं नाही, पण डॉक्टरांना विचारून घ्या आणि त्यासाठी तीन महिने वाट बघत बसू नका. ४१ ला तीन महिने महत्त्वाचे.

आयव्हीएफमध्ये अंडं तुमचंच, त्याचं वय तेच. गर्भाच्या पाचव्या-सहाव्या दिवशी बाहेरच्या थरातल्या काही पेशी काढून गुणसूत्रं मोजता येतात. त्याने एकही गर्भ दुरुस्त होत नाही, फक्त निवड होते. चाळिशीला त्याचा अर्थ असा की गर्भपाताचं दुःख काही वेळा वाचतं, आणि काही वेळा फ्रीजमध्ये ठेवण्याजोगं काहीच उरत नाही हे आधी कळतं. तिशीच्या आतल्या बाईला ही तपासणी सरसकट विकणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही, नोकरी जाईल.

(कायद्याचं एक: २०२१ च्या कायद्याप्रमाणे या उपचारांना बाईसाठी वयाची मर्यादा २१ ते ५० आहे. गर्भाचं लिंग सांगणं कुठल्याही टप्प्यावर गुन्हा, तपासणी गुणसूत्रांची असली तरी.)

---

पोळातला_पोपट | सायं. ६.१५

वाखुसा (वाचनखूण साठवली). अवांतर: पपईवर कोणीच बोललं नाही. आमच्या पोळात (जुन्या गल्लीत) पपई म्हणजे बॉम्ब.

---

सुरसागरकाठी | सायं. ६.४०

पपईच्या घराण्यातलं कोणीही मागे जाऊन गणपतीतल्या अंड्यात गुणसूत्र घालू शकत नाही. ट्रायसोमी १६ पुरतं पपई निर्दोष.

---

मोगरा६१ | रात्री ९.०५

मी बडोद्यातच, कारेलीबागेत राहते. इथे फक्त वाचते, पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. तो आता ३४ चा. मला तो सत्ताविसाव्या वर्षी झाला, म्हणजे तुमच्या वयाच्या हिशोबात बसत नाही. सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या की ग्रहणात मी भाजी चिरली होती. मी चिरली होती, हे खरं आहे. अजून ग्रहण आलं की मी सुरी कपाटात ठेवते.

तुमचं वाचून बरं वाटलं आणि मग एकदम वाटलं, ते अंडं माझ्या आईच्या पोटात असताना तयार झालं म्हणता. मग माझ्या आईचं काही चुकलं होतं का? तिला तेव्हा टायफॉइड झाला होता असं ती सांगायची. आता विचारायला ती नाही.

---

सुरसागरकाठी | रात्री ९.५०

मोगराताई, नाही.

पटकन 'नाही' लिहून मोकळी होत नाहीये, म्हणून जरा लांब. सत्ताविसाव्या वर्षी शक्यता हजारात एकाहूनही कमी असते. पण बहुतेक मुलं त्या वयाच्या आयांना होतात, त्यामुळे डाउन असलेली पुष्कळ मुलं तरुण आयांचीच असतात. तुम्ही हिशोबाबाहेर नाही. चाळिशीला शक्यता शंभरात एकाच्या आसपास जाते, म्हणून सगळं बोलणं चाळिशीवर जातं, आणि तुमच्यासारख्या आया त्यातून गळतात. माझ्या मूळ लेखातूनही गळल्या, ते माझं चुकलं.

आईबद्दल. गर्भात असताना गुणसूत्रांची जोडी तुकडे बदलते, ते कुठे बदलते हे बरंचसं योगायोगावर. २१ नंबरचं गुणसूत्र अगदी छोटं, बहुतेक वेळा तिथे एकच अडकण पडते. कधी ती टोकाला पडते, कधी पडतच नाही. अशी जोडी पहिल्यापासूनच नाजूक. ती टिकेल की सुटेल हे पुढे त्या दीड दिवसात ठरतं. लाखो अंड्यांत लाखो वेळा पत्ते पिसले जातात, काही डाव असे पडतात. टायफॉइडमुळे ते पडतात असं दाखवणारं काही माझ्या वाचनात नाही, आणि अडकण कुठे पडावी यात तुमच्या आईच्या तापाला हात घालायला जागाही दिसत नाही.

भाजीचं तर विचारूच नका. तुम्ही सुरी हातात घेतलीत तेव्हा तो पोटात होता ना? मग २१ नंबरचं ते गुणसूत्र आधीच त्याच्यात होतं.

---

पेट्रीडिश | रात्री १०.०८

मोगराताई, एक विचारू? त्याचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, झाला होता का? तीन-चार टक्के मुलांमध्ये २१ नंबरचा जास्तीचा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, आणि त्यांतल्या काहींच्या आई किंवा बापाकडून तो आलेला असतो. तेव्हा वयाचा संबंध नसतो. तुमच्यासाठी आता फरक पडणार नाही, पण त्याच्या भावाबहिणींना मुलं व्हायची असतील तर कळलेलं बरं.

---

मोगरा६१ | रात्री १०.३०

झाला होता, मुंबईला पाठवला होता. साधा ट्रायसोमी २१, चिकटलेला नाही. कागद अजून आहे. त्याने आत्ताच विचारलं, कोणाशी बोलतेस. म्हटलं, तुझ्याबद्दल. तर म्हणाला, फोटो पाठव.

फोटो नाही पाठवत, पण तो खूप छान गरबा करतो.

---

लष्करवाला_ग्वाल्हेर | रात्री १०.४४

त्याला ग्वाल्हेरहून नमस्कार सांगा, ताई.

---

संशयात्मा | रात्री ११.२०

माझी शंका बऱ्यापैकी मिटली. एकच खुसपट: हे टाके, सॉरी, बांगड्या, कुठल्याच प्राण्यात नव्याने भरत नाहीत?

---

सुरसागरकाठी | रात्री ११.३५

फळमाशीत थोड्या भरतात, असे पुरावे आहेत. प्रत काढून झाल्यावरही तिची अंडपेशी काही प्रमाणात नवं कोहेसिन बसवते, आणि ते बंद पाडलं तर चुका वाढतात. म्हणजे निसर्गाला हे अशक्य नाही. उंदरात मात्र जन्मानंतर मुद्दाम नवं रेक८ बनवायला लावलं तरी त्याने जोड्या धरल्या नाहीत. माल होता, बांगडी भरणारी कासारीण नव्हती.

आत्याला आज सांगितलं. गणपती ते नवरात्र हा हिशोब तिने बोटांवर मोजला, दोनदा. मग म्हणाली, "म्हणजे प्रसादाच्या दिवशीच." मी म्हटलं, हो. ती उठून आत गेली आणि वहिनीसाठी डिंकाचे लाडू करायला घेतले. पपईबद्दल तिचं मत बदललेलं नाही.

वहिनीचा एक प्रश्न राहिलाय. पहिल्या वेळी काही तपासलं नव्हतं म्हणून डॉक्टरांनी दोघांचा कॅरिओटाइप सांगितलाय, उद्या सकाळी रक्त द्यायचंय. @पेट्रीडिश, उपाशीपोटी जायचं का?

---

पेट्रीडिश | रात्री ११.४१

गरज नाही. पांढऱ्या पेशी वाढवून गुणसूत्रं बघतात, जेवणाशी संबंध नाही. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतील. या वेळचा साधा ट्रायसोमी होता, त्यामुळे दोघांचे नॉर्मल येण्याचीच शक्यता जास्त. सेव-उसळ खाऊन जा म्हणावं.

---

सुरसागरकाठी | रात्री ११.४३

ती विचारतेय, तरी जास्त चालेल का.

---

पेट्रीडिश | रात्री ११.४४

चालेल.